पट्टीखालचं हाड

दोघा भावांचा सामान हलवण्याचा धंदा. थोरला गिऱ्हाईक सांभाळायचा, धाकटा ओझी. दोन वर्षांपूर्वी टेम्पोवरून पडून धाकट्याचा हात मोडला, तेव्हा आत स्टीलची पट्टी बसवली होती. ती थंडीत ठणकायची, म्हणून यंदा काढून टाकली. आता हाताला प्लास्टर नाही, झोळी नाही, तरी धाकटा जड काही उचलेना. डॉक्टरीणबाईंनी काही महिने मनाई केलीय, एवढंच म्हणायचा. थोरल्याला ते पटत नव्हतं. पट्टी असताना हा कपाटं उचलत होता, मग ती निघाल्यावर काय झालं?

एकदा जिन्यात लाकडी कपाट अडकलं. एक गडी आलेला नव्हता, गिऱ्हाईक वरून बघत होतं. थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या काचेच्या भांड्याला बोलवू नका, तडा जाईल."

गडी हसले. धाकट्याने मुकाट्याने कपाटाची खालची बाजू धरली. दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, हात कडकन मोडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दाखवला. इतके दिवस भार पट्टीच घेत होती, त्यामुळे तिच्याखालचं हाड पातळ पडलं होतं. स्क्रूची छिद्रंही बुजायची होती आणि तिथूनच ते मोडलं, असं त्यांनी समजावलं.

"यांना सांगितलं होतं मी. मग वजन उचललं कसं?"

"उचललं नाही. पाय घसरला," धाकटा म्हणाला.

थोरला खाली मान घालून उभा राहिला. तेवढ्यात धाकट्याची बायको धापा टाकत आली. "दादा, यांचा पाय घसरला म्हणे. तुम्ही जवळ होतात म्हणून निभावलं," असं म्हणून तिने त्याला चहा आणून दिला.

"तो घसरला नाही," थोरला म्हणाला. "मी चारचौघांत टोमणा मारला, म्हणून उचललं त्याने."

ती आत नवऱ्याकडे गेली.

ऑपरेशननंतर धाकट्याने विचारलं, "तिला सांगितलंस?"

"राहवलं नाही."

"तुझं मन हलकं झालं. ती मला विचारतेय, एवढ्याशा बोलण्यासाठी हात घालवलात? तिला काय सांगू?"

थोरल्याच्या ओठांवर माफीचा शब्द आला होता. पण मन हलकं करायला माफीही याच्याकडेच मागायची, या विचाराने त्याला आणखी शरम वाटली. धाकट्याने तोंड फिरवलं. मग म्हणाला, "उशी जरा वर घे."

थोरल्याने ती हळूच वर सरकवली.