वर्नाबाईंची पॉइंट गार्ड

टॅनर्स फोर्क कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात उंचीला तोटा नव्हता. सेंटरला खेळणारी हिल्डी स्टेनर तर दार कितीही उंच असो, सवयीनं मान वाकवूनच आत यायची. तिच्या दोन बाजूंना उभ्या राहणाऱ्या पोरीही काही कमी नव्हत्या. अडचण एवढीच होती, की या उंच पोरींपर्यंत चेंडू पोचायचाच नाही. समोरच्या संघानं दोघीजणी अंगावर घातल्या, की चेंडू आणणाऱ्या पोरीची बोबडी वळायची. हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, एका गुणानं पुढे असताना, तिनं घाबरून चेंडू जो भिरकावला तो थेट प्रेक्षकांत वाजणाऱ्या कॉलेजच्या बँडमधल्या ट्यूबावाल्याच्या भल्यामोठ्या पितळी कर्ण्यात जाऊन बसला. पंचांनी तो ओढून काढला, समोरच्यांना दिला, आणि त्यांनी बास्केट करून सामना खिशात घातला. सगळ्या इंडियाना राज्यात लोकांनी ते चित्रण एकमेकांना पाठवलं.

दुसऱ्या दिवशी हेड कोच वर्ना बर्कहॉल्टर यांनी आपल्या असिस्टंटला, लाइल हॉस्टेटलरला, खोलीत बोलावलं.

"लाइल, खांब पुष्कळ झाले. मला आता पॉइंट गार्ड आणून दे."

"बरोबर आहे, बाई."

"चेंडू घेऊन येईल, कुणी कुठं उभं राहायचं ते सांगेल आणि कुणाच्या बापाला भिणार नाही, अशी."

"बरोबर आहे."

"आणि ती मिळेपर्यंत मला तोंड दाखवू नकोस."

लाइल हा गरीब गडी होता. वर्नाबाईंच्या हाताखाली त्याची उमेदीची वर्षं गेली, ती 'बरोबर आहे' म्हणण्यात. बाई स्वतः तरुणपणी याच कॉलेजच्या पॉइंट गार्ड होत्या आणि त्यांचा आवाज अजून मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला विनासायास पोचायचा.

उंच पोर शोधणं सोपं. ती रस्त्यावरून जातानाही दिसते. पण डोकं दिसत नाही. ज्यांचं दिसतं त्यांना मोठी कॉलेजं कधीच उचलून नेतात. लाइल हिवाळाभर शाळाशाळांतून हिंडला, थंडगार बाकांवर बसून पॉपकॉर्नवर जेवला, आणि शेवटी ओहायो नदीकाठच्या एका गावात त्याला मॅव्हिस क्रॅबट्री दिसली.

आधी ऐकू आली, मग दिसली. पोर बुटकी, म्हणून मोठ्या कॉलेजांनी सोडून दिलेली. पण मैदानात उतरली तशी जी बोलायला लागली ती थांबेचना. "डावीकडे! अगं, तुझं डावं! हां!" चेंडू टप्पे खात राहिला आणि चार पोरी तिच्या शब्दासरशी हलत राहिल्या. थोड्या वेळानं तिनं समोरच्या संघालाही हाताशी धरलं. "ए, तू इथं काय उभी? तुझी पोर तिकडे मोकळी सुटलीय बघ!" ती बिचारी खरंच तिकडे बघायला वळली, आणि मॅव्हिसनं तिच्या कानाजवळून पास काढला. बास्केट! पंच हसले, तर त्यांनाही ऐकावं लागलं, "हसताय काय, गुण लिहायला सांगा!"

लाइलच्या हातातलं पॉपकॉर्न सांडलं.

पुढच्याच आठवड्यात तो तिच्या घरी गेला. क्रॅबट्री मंडळींचा टर्की पक्षी पाळण्याचा धंदा. हजारभर टर्की एकदम ओरडत असताना ज्या घरात बोलायचं असतं तिथला आवाज कसा तयार होतो, ते लाइलला फाटकातच कळलं. तो सोफ्यावर बसणार तोच मॅव्हिस म्हणाली, "सर, तिथं नको, इथं बसा. तिथून आईचं तोंड दिसत नाही, आणि निर्णय आई घेते."

बाप ओटिस खाली बघून हसला. आई जून पुडिंग वाढत होती. लाइलनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं, "आमच्या कॉलेजात कुटुंबासारखं..."

"ते सगळेच म्हणतात," मॅव्हिस म्हणाली. "चेंडू कर्ण्यात गेला तो तुमचाच संघ ना?"

"हो."

"मग माझी गरज तुम्हालाच जास्त आहे. बघायला येते. आई, शनिवारी जाऊ."

"आधी त्यांना विचार तरी," जून म्हणाली.

"सर, शनिवारी येऊ?"

"बरोबर आहे," लाइल म्हणाला.

शनिवारी मायलेकी कॉलेजात आल्या. सकाळी मॅव्हिस हिल्डी आणि बाकीच्या पोरींबरोबर जिममध्ये नुसतं खेळायला म्हणून उतरली. दारातून डोकावणाऱ्या लाइलला दिसलं ते असं, की हिल्डी हात वर करायची आणि चेंडू तिथं आधीच आलेला असायचा. पोरीला पुन्हा पुन्हा आपल्याच हातांकडे बघावंसं वाटत होतं.

घोटाळा झाला दुपारी, कॉलेजच्या खाणावळीत, जेवणाच्या टेबलावर. वर्नाबाईंनी मिठाची बाटली उचलून मध्ये ठेवली. "ही हिल्डी. ही मिरीची बाटली म्हणजे तू. तू इथून येतेस, आणि ही सॉसची बाटली म्हणजे तुझ्या जोडीची पोर..."

"सॉस तिथं उभा राहिला तर माझी वाटच बंद होते," मॅव्हिस म्हणाली आणि तिनं सॉसची बाटली टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली.

बाईंनी ती परत आणली. "हा डाव मी गेली वीस वर्षं खेळवतेय."

"म्हणूनच सगळ्यांना पाठ झालाय. मलासुद्धा!"

सॉस गेला, सॉस आला. शेजारच्या टेबलावरची मंडळी जेवायची थांबली. शेवटी बाटली लवंडली आणि सगळा डाव बाईंच्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल डागांनी उमटला.

"ही पोर माझ्या संघात नको!" बाई उठल्या.

"मला यायचंच नाहीये!" मॅव्हिस उठली, आणि आईला घेऊन गाडीकडे चालायला लागली.

खोलीत आल्यावर बाई सदरा पुसत म्हणाल्या, "उद्धट कार्टी. दुसरी बघ, लाइल."

लाइलनं तोंड उघडलं. सवयीचे शब्द जिभेवर आले होते. ते त्यानं गिळले. "चुकतंय, बाई."

"काय?"

"कुणाच्या बापाला न भिणारी हवी म्हणालात. मी आणली. कोचला मात्र तिनं भ्यावं, अशी अट तुम्ही घातली नव्हती. आणि तुमच्या वेळच्या कोचला तुम्ही काय काय ऐकवायचात, ते मी इथं शिकत असताना प्रेक्षकांच्या बाकावर बसून ऐकलंय. सगळ्या कॉलेजनं ऐकलंय."

बाईंचा हात सदऱ्यावरच थांबला. तेवढ्यात दारात हिल्डी मान वाकवून उभी राहिली. कानापर्यंत लाल झालेली.

"कोचबाई, ती जाणार का? नाही म्हणजे... आज मला एकदाही चेंडू मागावा लागला नाही."

एवढं बोलून ती पळाली. कॉलेजात आल्यापासून हिल्डीनं कोचसमोर बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं.

बाई खिडकीशी गेल्या. खाली जूनबाईंनी गाडी सुरू केली होती. बाई जिना उतरल्या ते जवळजवळ धावतच. लाइल मागोमाग गेला. बाईंनी गाडीची काच ठोठावली.

"तुझा सॉस कडेला गेला, तर उलटा हल्ला कोण अडवणार?"

मॅव्हिसनं काच खाली केली. "मी."

"तू? एवढीशी?"

"दाखवू?"

"उतर!"

दोघी भांडतच जिमकडे गेल्या. जूननं गाडी बंद केली आणि एक सुस्कारा सोडला. "सर, आता तासभर तरी हे चालायचं. कॉफी मिळेल का कुठं?"

वसंतात मॅव्हिसनं संघात यायच्या करारावर सही केली. पुढचा हंगाम लाइलनं अक्षरशः दोन आवाजांच्या मध्ये काढला. बाई बाकावरून एक डाव ओरडायच्या, मॅव्हिस मान हलवून दुसराच खेळायची, हिल्डी चेंडू आत टाकायची, आणि बाई रागानं लाल होत टाळ्या वाजवायच्या. कधी मॅव्हिसचा डाव फसायचा. मग ती बाकासमोरून जाताना हळूच म्हणायची, "ठीक आहे, तुमचं करते." बाई दुसरीकडे बघायच्या, पण लाइलला कोपर मारायच्या. संघ बरेच सामने जिंकला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना विभागीय स्पर्धेचं बोलावणं आलं, आणि पहिला सामनाही त्यांनी मारला.

परत येताना अंधार पडत आला होता. हमरस्त्यावर बस फाट्यापाशी आली तसा ड्रायव्हरनं आरशात बघून विचारलं, "जेवायला कुठं? डावीकडे सँडविच, उजवीकडे पिझ्झा."

"डावीकडे!" वर्नाबाई म्हणाल्या.

"उजवीकडे!" मागून मॅव्हिस म्हणाली. "डावीकडे पंधरा जणींना बसायला जागा नाही, मी सामन्याला जातानाच बघून ठेवलंय."

"मी त्या हॉटेलात तुझ्या जन्माआधीपासून जातेय!"

ड्रायव्हरनं लाइलकडे पाहिलं. लाइलनं जरा विचार केला.

"कडेला घ्या," तो म्हणाला, "आणि इंजिन बंद करा."

बस थांबली. पुढे जागांचा, गर्दीचा आणि चीजचा वाद रंगला. मागच्या बाकावर पाय आखडून बसलेल्या हिल्डीनं कुणाकडे बिस्किटं आहेत का म्हणून हळूच विचारलं, आणि लाइलनं आपला पुडा मागे पाठवला.