तेलाची साक्ष

ती बाटली गेली एकवीस वर्षे मर्हूनच्या बैठकीतल्या कोनाड्यात उभी होती. दक्षिणेच्या वाळवंटातल्या तेलविहिरींवरून तो निवृत्त झाला, तेव्हा सोबत्यांनी निरोपाची भेट म्हणून दिलेली. वीतभर उंच, मेणाने तोंड बंद केलेली, आत काळपट हिरवे कच्चे तेल. कॉफीला आलेले पाहुणे ती उजेडाकडे धरून बघत आणि पुन्हा जागच्या जागी ठेवत. आज पहिल्यांदाच ती खाली उतरली होती आणि मर्हून तिच्यावरचे मेण नखाने खरवडत होता.

"बाबा, अजून विचार करा," त्याची मुलगी झुवैना म्हणाली. "पाणी शुद्ध आहे की नाही हे बघायला पाण्याशेजारी तेल ओतायचं? ऑफिसात हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"सांग, आमच्या गावातले म्हातारे वेडे आहेत."

"ते त्यांना माहीतच आहे," झुवैना म्हणाली, आणि दोघेही हसले. पण हसू फार वेळ टिकले नाही.

झुवैना भूगर्भशास्त्र शिकलेली. मस्कतच्या एका नव्या कंपनीत ती काम करत होती आणि त्या कंपनीने गेल्या हिवाळ्यात गावामागच्या काळ्या डोंगरात एक चाचणीविहीर खोदली होती. हवेतून ओढून घेतलेला कर्बवायू पाण्यात विरघळवून त्या विहिरीतून खोल सोडायचा. खाली डोंगराचा काळा दगड त्याला धरतो आणि त्याचाही पांढरा दगड करून टाकतो, असे झुवैनाचे म्हणणे होते. गावाला हे अगदीच परके नव्हते. वादीतल्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, निळ्या डोहांचे पाणी हवेतला तोच वायू पिते आणि त्यावर रोज सकाळी पांढरी साय धरते, तिला गावात 'डोंगराचे दूध' म्हणतात. डोंगर जे काम लाखो वर्षे आपल्या संथ चालीने करत आला, तेच आम्ही जरा घाईने करवून घेणार, एवढेच, असे ती म्हणे.

अडचण होती ती आईविहिरीची. गावाचा फलज, म्हणजे डोंगराच्या पोटातून खजुरांच्या बागांपर्यंत येणारा पाण्याचा पाट, त्या आईविहिरीतून जन्म घेई. आणि कंपनीची विहीर तिच्यापासून अवघी सातशे हात दूर होती. दोन्ही पाणी एकमेकांना भेटत नाहीत, असे यंत्रांनी सांगितले होते. तसा कागदही आला होता. म्हाताऱ्यांनी कागद आदराने पाहिला, कॉफी प्यायली आणि सांगितले की आईविहिरीजवळ कुणी खोदले तर काय करायचे हे आजोबा-पणजोबांनीच ठरवून ठेवले आहे. नव्या विहिरीत जमिनीतले तेल ओतायचे आणि सात दिवस थांबायचे. फलजाच्या पाण्याला वास आला तर नवी विहीर बुजवायची. नाही आला तर खोदणाऱ्याला अडवायचे नाही. वास घेणारा साक्षीदारही ठरलेलाच: जो खांबाची सावली बघून बागांच्या पाण्याच्या पाळ्या मोजतो तो. गेली अठरा वर्षे तो मर्हून होता, आणि त्याने मोजलेल्या सावलीवर आजवर कुणी वाद घातला नव्हता.

तेल कुठून आणायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्या कोनाड्याकडे वळल्या.

तेल ओतले गेले त्या दिवशी अर्धा गाव जमला होता. झुवैनाने मान दुसरीकडे फिरवली. खोल काळोखात तेलाची धार उतरत गेली. मर्हूनला वाटले, एखाद्या ओळखीच्या माणसाला आपण जिना उतरवून देतो आहोत.

दक्षिणेत तो एकतीस वर्षे ज्वाला राखत होता. तेलाबरोबर वर येणारा वायू उंच नळीच्या टोकावर पेटवून द्यायचा आणि ती ज्वाला विझू द्यायची नाही, हेच त्याचे काम. दिवसा ती उन्हात विरून गेल्यासारखी दिसे, वाळूवर फक्त तिची थरथरती सावली उरे. एकदा त्याने मुकादमाला विचारले होते, "हे सगळं जातं तरी कुठे?" मुकादमाने बोट वर केले होते. "वर. वर जागा काय कमी आहे?" त्या उत्तराने तेव्हा त्याचे समाधान झाले होते. त्याच पगारावर झुवैना शिकली, घराला गच्ची झाली, गावातल्या तेरा मुलांना त्याच्या मागोमाग तिकडेच नोकऱ्या लागल्या. आता तिथल्या विहिरी थकत चालल्या होत्या आणि मुले एकेक करून परतत होती. कंपनीची विहीर चालू राहिली तर त्यांतली काही इथेच कामाला लागणार होती. झुवैनाही गावाजवळ राहणार होती. आणि हे सगळे आता मर्हूनच्या नाकावर येऊन टेकले होते.

पहिल्या दिवशी सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला तेव्हा तो फलजाच्या मुखाशी बसला, ओंजळीत पाणी घेतले, डोळे मिटले. ओला दगड. शेवाळ. गार अंधाराचा असतो तसा काहीतरी वास. दुसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी तेल आले.

ते फार पुसट होते. ओंजळ नाकाशी नेताच तो वास अलगद वर आला आणि त्याच्याबरोबर तापलेले लोखंड, वाळूची भिंत, सोबत्यांचा घाम, पेटत्या वायूची ती सततची घरघर, सगळे वर आले. बोटांच्या फटींतून पाणी गळून गेले तरी वास राहिला.

दुपारी झुवैनाने भात आणि मासा वाढला, त्यावर लिंबू पिळले. तिने काही विचारले नाही. सातव्या दिवसापर्यंत विचारायचे नाही, असे दोघांचे ठरले होते. ती फक्त म्हणाली, "बाबा, आज जेवला नाहीत नीट."

"ऊन लागलंय."

तो आडवा झाला. झोप आणि जाग यांच्या मधल्या पातळ जागेत त्याला ज्वाला दिसली. ती नळीच्या टोकावरून उतरून वाळवंट तुडवत उत्तरेकडे चालत होती, म्हाताऱ्या उंटिणीसारखी, मान डोलवत, आपल्या जन्माच्या डोंगराचा रस्ता शोधत. गावाशी येऊन ती थांबली. तिला आत घ्यायचे की नाही, हे त्याने सांगायचे होते, आणि त्याला तोंडच उघडता येत नव्हते.

चौथ्या दिवशीही वास आला. 'नाही' म्हणणे किती सोपे आहे, हे त्याला त्या सकाळी कळले. एक शब्द पुरेसा होता. कुणी शंका घेतली नसती. पण हेच पाणी सारा गाव प्यायचा. आणि 'हो' म्हटले तर स्वतःच्या हाताने लेकीची विहीर बुजवायची.

पाचव्या दिवशी शम्सा तिथे आली. शम्सा त्याची चुलतबहीण, आणि या विहिरीची गावातली सगळ्यात मोठी वैरीण. कंपनीची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिने तिच्यावर शेळ्यांच्या लेंड्या फेकल्या होत्या. ती थर्मास घेऊन आली आणि त्याच्याशेजारी फतकल मारून बसली.

"काय रे सावलीच्या सावकारा, पाण्याकडे बघून बघून पाणीच झालास की! घे, कॉफी घे."

"लाच आहे का ही?"

"तुझ्यासारख्याला लाच द्यायला मी काय वेडी आहे? वेलदोडे महागलेत किती!"

मर्हूनने पेला नाकाशी नेला आणि त्याचा हात थांबला. वेलदोड्याच्या आत, केशराच्या आत, तेच होते. तेल. त्याने पेला खाली ठेवला. स्वतःचा तळहात हुंगला. शेजारच्या लिंबाचे पान तोडून चुरगळले आणि हुंगले. सगळीकडे तेल. त्याला एकदम हलके वाटले आणि लगेच भीतीही वाटली. कारण वास पाण्याचा नाही हे काही त्यातून ठरत नव्हते. ठरत होते एवढेच, की हे नाक साक्षीला लायक नाही.

त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर फलजाच्या कारभाऱ्यासमोर तो उभा राहिला. "मला तिसऱ्या दिवसापासून वास येतोय," तो म्हणाला. एकच गलका उठला. हात वर करून तो पुढे म्हणाला, "पण मला कॉफीलाही येतोय. हे नाक एकतीस वर्षं त्यातच मुरलंय. माझी साक्ष धरू नका. दुसरं नाक शोधा."

"कुणाचं?" कारभाऱ्याने विचारले. "तेरा पोरं तिकडेच राबलीत. उरलेले बाप्ये तपकीर ओढतात."

"शम्साचं."

झुवैना त्याला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, शम्सा आत्या? तिला विहीर बुजवायचीच आहे. ती वास नसला तरी आणेल!"

"तिने एकदा नुसत्या धुरावरून सांगितलं होतं, कुठल्या घरात जुना लोबान जळतोय. त्या घराशी तिचं भांडण होतं, तरी म्हणाली, लोबान उत्तम आहे." मर्हून म्हणाला. "भांडकुदळ आहे ती. खोटी नाही."

सातव्या दिवशी सकाळी शम्सा फलजाच्या मुखाशी बसली. दोन दिवस तिने मसाला कुटला नव्हता की धूप लावला नव्हता. नाक उपाशी ठेवले आहे, असे ती सगळ्यांना सांगत फिरली होती. तिने ओंजळ भरली, हुंगली, ओतून दिली. पुन्हा भरली. मग एक घोट तोंडात घोळवून डोळे मिटून बसली. लिंबाच्या बागेत बुलबुल बोलत होते, ते सुद्धा फार मोठ्याने बोलत आहेत असे झुवैनाला वाटले.

"दगड," शम्सा म्हणाली. "शेवाळ. एक मेलेली पाकोळी, ती आत कुठेतरी आहे, कारभाऱ्यांनी काढून घ्यावी." तिने ओला हात ओढणीला पुसला. "तेल नाही."

"असावं, असं मला फार वाटत होतं," ती चिडून म्हणाली. "सात दिवस दुआ मागत होते. पण नाही तर नाही!" मग ती उठली, मर्हूनजवळ गेली आणि त्याच्या खांद्याशी वाकून तिने एक लांब श्वास घेतला. "वास पाण्याला नाही. तुला आहे. जन्मभर राहील, आता लाजू नकोस त्याला." झुवैनाकडे वळून तिने बोट उगारले. "आणि तू! दर सात दिवसांनी मी येऊन हुंगणार. ज्या दिवशी आला, त्या दिवशी लेंड्या."

"दर सात दिवसांनी, आत्या," झुवैना म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "लिहून देते."

"लिहू नकोस. कॉफी करून ठेव."

त्या दुपारी मर्हूनने सावली पाहिली, पाळी पुकारली, पाणी लिंबाच्या बागेकडे वळवून दिले. मग रिकामी बाटली घेऊन तो वादीत उतरला. बोरीच्या पाल्याने त्याने ती सात वेळा घासली, निळ्या डोहातले पाणी तिच्यात भरले आणि तोंड उघडेच ठेवून ती पुन्हा कोनाड्यात उभी केली. त्या जागेवर एकवीस वर्षांचा गोल डाग होता. बाटली त्यावर बरोबर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला तेव्हा बैठकीत कोवळे ऊन आले होते. बाटलीतल्या पाण्यावर नखाएवढी, कागदाहूनही पातळ अशी पांढरी साय धरली होती. तो जवळ गेला. श्वास लागून ती फुटेल म्हणून त्याने श्वास रोखला; मग मनात आले, हीच तर तिची भाकरी. याच घरातली हवा, आपल्याच तोंडातून गेलेली. त्याने हळूच बाटलीच्या तोंडावर एक फुंकर घातली.

"झुवैना," त्याने आवाज दिला, "ये बरं इकडे. हळू ये, पाय वाजवू नकोस."