रंग वेगळा, गोळी तीच

डॉ. जयमाला घाणेकर यांनी आयुष्यातली बरीच वर्षं उंदरांच्या पायांवर घालवली होती. नेरूळच्या एका मेडिकल कॉलेजात त्या औषधशास्त्र शिकवत, आणि शिकवून झालं की खाडीकाठच्या एका झुडपाचा अर्क उंदरांना पाजून त्यांच्या पायाची सूज उतरते का ते बघत. सूज उतरायची, बाई खूश व्हायच्या. यंदा मात्र त्यांनी सगळा प्रयोग मुळापासून पुन्हा केला, आणि नुसतं पाणी पाजलेल्या उंदरांचीही सूज तितकीच उतरली.

विभागातल्या विलाससरांनी हळूच सुचवलं, "मॅडम, चार-दोन आकडे बाजूला ठेवा. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," बाई म्हणाल्या आणि 'अर्काचा उपयोग नाही' असं स्वच्छ लिहून मोकळ्या झाल्या. घरी येऊन त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली आणि कढईतूनच खाल्ली. वाईट वाटायचं ते वाटलंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात रक्तदाबाच्या गोळ्या शिकवायच्या होत्या. मागच्या बाकांवर डुलक्या चालल्या होत्या. "या औषधाने काही जणांचे पाय सुजतात," एवढं बाई बोलल्या तोच जवळच्या शिरवणे गावातल्या सोनलने हात वर केला.

"मॅडम, माझ्या आजीचे पण सुजतात. आणि हल्ली सारखं गरगरतं तिला. परवा बाथरूममध्ये पडता पडता वाचली."

"कुठल्या गोळ्या घेतात त्या?"

"एक गुलाबी, एक पांढरी आणि एक पिवळी."

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत.

रविवारी त्या सोनलबरोबर शिरवण्याला गेल्या. खाली सगळे भाडेकरू, आणि वरच्या मजल्यावर आजी, म्हणजे सरस्वतीबाई, पाय लांब करून बसलेल्या. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला. आत गोळ्या.

"गुलाबी कोणी दिली, आजी?"

"नाक्यावरचे डाक्टरनी."

"आणि पांढरी?"

"पोरानी मोठे डाक्टरकडं नेलता, त्यानं. मंग पाय सुजलं, तवा तिसऱ्यानं पिवली दिली."

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली. मग सोनलला वाचायला लावली. सोनलचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आजी, गुलाबीत आणि पांढरीत औषध एकच आहे. कंपन्यांनी नावं वेगळी ठेवलीत, एवढंच."

"आसं कसं? रंग येगला हाय ना!"

"रंग नुसता वरून लावतात हो. डबल डोस झाला म्हणून पाय सुजले असणार, आणि पिवळीने आणखी गरगरत असेल."

सरस्वतीबाई कडाडल्या, "म्हंजे मना आजार नाय, औषदच जास्त झायलाय!" आणि डबा उचलून खिडकीकडे निघाल्या. बाईंनी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "एकदम बंद नाही करायचं. आधी डॉक्टरांना विचारू."

सोमवारी नाक्यावरच्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून पाहिली आणि जीभ चावली. त्यांनी एकच गोळी ठेवली, थोड्या दिवसांनी पिवळीही थांबवली. महिन्याभरात सरस्वतीबाई जिन्याचा कठडा न धरता गच्चीवर सुकट वाळत घालायला जाऊ लागल्या.

इकडे बाईंनी वर्गाला कामाला लावलं. प्रत्येकाने आपल्या सोसायटीतल्या वयस्कर माणसांचे गोळ्यांचे डबे, त्यांना विचारून, तपासायचे. पोरं आधी कुरकुरली, मग एकमेकांशी चढाओढ करू लागली. तीच गोळी दुहेरी घेणारी माणसं घरोघरी निघाली. एकदा दार लावून घेऊन विलाससरांनीही आपला डबा पुढे केला. त्यांच्याही ॲसिडिटीच्या दोन गोळ्या सख्ख्या बहिणी निघाल्या.

या कामावरचा लेख एका जर्नलने छापला. पहिलं नाव सोनलचं होतं. बाईंनी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.

त्यानंतर एका सकाळी सरस्वतीबाईंचा फोन आला. त्यांनी गावातल्या बायका देवळात जमवल्या होत्या. बाई पोचल्या तर मंडप भरलेला, प्रत्येकीच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी. कोणीतरी माईक आणायला धावलं. बाईंनी नको म्हणून हात हलवला, चटईवर फतकल मारली आणि पहिल्या बाईला म्हणाल्या, "दाखवा, मावशी."