सतरा नंबरची काच

गल्लीत तिला सगळे भेगवाली म्हणत. नाव काही कौतुकाचं नव्हतं, पण कामाला चपखल बसत होतं. रोज सकाळी गळ्यात ओळखपत्र, काखेत वही आणि पिशवीत भिंग घेऊन ती घरोघर जायची आणि भिंतींच्या भेगा तपासायची. "लोक हाताच्या रेषा बघतात, आमची सून भिंतींच्या बघते," असं तिची सासू शेजारणींना सांगायची. तिच्या बोलण्यात टोमणा असायचा तसा अभिमानही.

काम नगरपालिकेचं होतं. गल्लीखालची विटांची जुनी गटारलाइन जागोजाग खचली होती. पाणी पुढे सरकेना, की घराघरांतल्या मोऱ्यांतून मैला उलटा वर यायचा. लोकांनी वर्षानुवर्षं बोंब मारल्यावर नवी लाइन मंजूर झाली, तीही वीस फूट खोल. पण गल्ली चिंचोळी आणि घरं जुनी, पाया किती खोल ते देवालाच ठाऊक. एवढा चर खणल्यावर माती सरकणार, हे इंजिनिअर साहेबांना कळत होतं. म्हणून जिथे जिथे भेग दिसली तिथे तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने बसवली आणि पट्टीवर नंबर, तारीख घातली. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार. काच तडकली की खोदाई बंद करायची आणि घर रिकामं करायचं, असा नियम होता.

सतरा नंबरची काच फ्रेमवाल्या काकांच्या घरात होती. काकांनी जन्मभर तसबिरींना चौकटी केल्या. वय झाल्यावर दुकान विकलं, पण काच कापायचा हिरा आणि उरलेल्या काचा घरी आणल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी काकूंची खाट होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांची एक बाजू गेली आणि जीभही जड झाली. त्या काय म्हणतात ते फक्त काकांना कळायचं. खिडकीतून गल्ली दिसायची, आणि कोण कधी कामाला निघालं, कोणाकडे कोण आलं, याची सगळी खबर काकूंच्या डोळ्यांत असायची. दोन वर्षांपूर्वी मोरीतलं पाणी तुंबून थेट त्यांच्या खाटेखाली आलं होतं. काकांनी ते चार दिवस बादलीने उपसलं आणि पाचव्या दिवशी सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरले. नवी लाइन आली ती त्यांच्याच अर्जावर.

ती एका दिवसाच्या सुट्टीनंतर आली, त्या बुधवारी चर काकांच्या दारापासून दोन घरं अलीकडे आला होता. भेगवालीने काकूंना हसून हात केला, खाटेमागच्या भिंतीपाशी वाकली आणि नेहमीसारखं काचेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच टोचलं नाही. ऑफिसच्या पट्ट्या घाईत कापलेल्या असायच्या आणि त्यांच्या कडांनी तिची बोटं कितीदा चिरली होती. या पट्टीच्या कडा मात्र घासून गुळगुळीत केलेल्या होत्या, कोपरेसुद्धा गोल. नंबर बरोबर होता आणि तारीखही तीच, फक्त अक्षर फार सुबक होतं.

ती वळली. काका दारात उभे होते. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. सोमवारी काच तडकली म्हणून दुसरी बसवली, असं सरळ सांगितलं. दोन दिवसांत चर पुढे जाईल, पाइप पडेल, माती भरली जाईल. दोन दिवसांचाच प्रश्न आहे.

"काका, भिंत काकूंच्या डोक्याशी आहे," ती म्हणाली.

"मी तिची खाट हात दीड हात पुढे ओढलीय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, हिला इथून हलवलं तर ही जगायची नाही. तुला पटणार नाही, पण मी ओळखतो हिला."

काकू त्यांच्याकडे एकटक बघत होत्या. भेगवालीने वही उघडली आणि सतरा नंबरापुढे 'ठीक' असं लिहिलं.

घरी तिला जेवण गेलं नाही. सासूने खोदून खोदून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. एरवी सासूच्या तोंडाला तोंड देणं कठीण, पण त्या दिवशी ती एकच वाक्य बोलली. "दोन्हीकडे पापच आहे बाई, मग ज्यात माणूस वाचेल ते कर."

गुरुवारी सकाळी ती तडक काकांच्या घरी गेली. पट्टी धडधाकट होती. पण दाराआड कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्राची पुरचुंडी होती, आणि ती उलगडल्यावर आत काचेचे तुकडे निघाले. तिने ते जुळवून पाहिले. तीन पट्ट्या होत्या. म्हणजे भिंत एकदा हलून थांबली नव्हती, ती रोज सरकत होती. काकांनी तिला उकिडवं बसलेलं पाहिलं आणि ते आत गेले.

ती साहेबांकडे गेली. कालचं 'ठीक' खोटं होतं हेही तिने सांगितलं. साहेबांनी तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं, पण रागवायला त्यांना वेळ नव्हता. अर्ध्या तासात खोदाईचं यंत्र बंद झालं. दुपारपर्यंत भिंतीला लाकडी टेकू लागले. काकूंना खाटेसकट चौघांनी उचललं आणि चरावरच्या फळीवरून जपून पलीकडे नेलं. गल्लीतली माणसं दारांत उभी होती. काम रखडतंय म्हणून कालपर्यंत शिव्या देणाऱ्यांनीही फळी धरली.

काका-काकूंना नगरपालिकेच्या विश्रामगृहात तळमजल्यावरची खोली मिळाली. खोली स्वच्छ होती, पंखा होता, नर्स एक दिवसाआड यायची. खिडकी मात्र छतालगत होती आणि तिच्यातून आभाळाचा तुकडा तेवढा दिसायचा. भेगवालीने खोली बदलून मिळावी म्हणून दोन अर्ज केले. वरच्या मजल्यावर खाट चढत नव्हती आणि खाली दुसरी खोली नव्हती. काकूंनी आठवड्याभरात जेवण कमी केलं, मग पाणीही मागेनाशा झाल्या. छातीत कफ साठला. एकोणिसाव्या दिवशी सकाळी काका चहा आणायला गेले तेवढ्या वेळात त्या गेल्या.

भिंत पडली नाही. टेकू होते म्हणून पडली नाही, की तशीही पडली नसती, हे छातीठोकपणे सांगणारा कोणी भेटला नाही. साहेबांना तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, तू केलंस ते बरोबरच केलंस. ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, तरी तिला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. महिन्याभरात लाइन पूर्ण झाली, माती भरली, फरशा बसल्या. कुठल्याही मोरीतून पाणी वर येईना. लोक खूश होते. काका एकटे घरी परतले.

नियमाप्रमाणे पुढचे तीन महिने आठवड्यातून एकदा पाहणी करायची होती. सतरा नंबरला दुसऱ्या कोणाला पाठवतो, असं साहेब म्हणाले. ती म्हणाली, नको, मीच जाते. सासूने तिला वेड्यात काढलं.

पहिल्या गुरुवारी काकांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. खाट गेली होती आणि तिच्या चार पायांचे डाग फरशीवर राहिले होते. तिने नवी पट्टी पाहिली, टेकू पाहिले, वहीत लिहिलं. निघताना तिने वही काखेत मारली, पण ती दारातच थांबली.

"एक विचारू?" काका म्हणाले. "ही भिंत पडली असती, तर तुला बरं वाटलं असतं ना?"

"हो," ती म्हणाली.

"मलाही," काका म्हणाले. "रोज सकाळी उठून बघतो. पडलेली नसते."

मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि तिला बसायला सांगितलं. तिला अजून अकरा घरं करायची होती. ती बसली. दोघं खिडकीतून गल्लीकडे बघत राहिले. समोरच्या घरातली बाई कामावर निघाली होती. तिने दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चार पावलं गेली आणि पुन्हा मागे येऊन ओढून पाहिलं.

"रोजचं आहे तिचं," काका म्हणाले. "मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. तुझ्या काकूने कधी सांगितलं नाही."