गोळी लागल्यावर रोही काय करतो

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. एकनळी, ठासणीची. लोकांना वाटतं बंदुकीचं आयुष्य फार थरारक असतं. माझं बरंचसं आयुष्य खुंटीला लटकून समोरचं कॅलेंडर बघण्यात गेलं. कॅलेंडर खताच्या दुकानाचं होतं. त्यावर बारा महिने एकच टोमॅटो होता.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. नळी पोलादाची, दस्ता शिसवीचा. नांदेडच्या दुकानातून मला माझ्या आताच्या मालकाच्या, शेषेरावांच्या, वडलांनी आणलं, भोकरच्या पुढं ओढ्याकाठच्या एका गावात. परवान्यावर माझं काम लिहिलेलं आहे: पीक संरक्षण. म्हणजे कागदोपत्री मी बुजगावण्याची थोरली बहीण. माझ्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधी, मग गोळी, मग परत चिंधी, आणि लोखंडी गजानं ठासायचं. एवढं होईपर्यंत रानातलं जनावर पोटभर खाऊन, पाणी पिऊन घरी जाऊ शकतं. बहुतेक जातंच. त्यामुळं मी आवाजापुरती होते आणि त्यात सुखी होते.

कौतुक झालं नाही असं नाही. खंडेनवमीला मला पाटावर बसवायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे. शेजारी विळा, कुऱ्हाड आणि एका वर्षी नातवाचा लॅपटॉप. त्या दिवशी आम्हा चौघांपैकी सगळ्यात धारदार कोण यावर विळा आणि लॅपटॉप यांचं जमलं नाही.

पण माझा खरा सोहळा म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. लोकशाही आली की मी आत आणि लोकशाही संपली की मी बाहेर. जमा करायच्या दिवशी सगळे परवानेवाले ठाण्याच्या व्हरांड्यात रांगेत बसतात. हवालदार एकेकाचा नंबर लिहितो, दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधतो. ह्याला अर्धा दिवस लागतो. अर्धा दिवस बंदुका मांडीवर घेऊन बसलेली माणसं दुसरं काय बोलणार?

गोष्टी शिकारीच्याच. फक्त जागा ठाण्याची आणि शिकारीला बंदी. त्यामुळं तिथं कोणीच कधी काही मारलेलं नसतं. जे मारलं ते 'एका दोस्तानं'. इतका कष्टाळू दोस्त तालुक्यात एकच असावा, आणि तो सगळ्यांचा होता.

"माझ्या एका दोस्तानं डुकराला गोळी घातली," हणमंतराव सांगायचे. त्यांच्या मिशा माझ्या दस्त्यापेक्षा जुन्या. "डुकरानं काय करावं? पळालं न्हाई. सरळ दोस्ताच्या घरी गेलं, वसरीवर बसलं. घरच्या बाईला वाटलं पाव्हणा आला. तिनं पाणी दिलं. पाणी पिलं आन् मग मेलं."

"काका, आपल्या दोस्तानं सशावर नेम धरला," रुद्रेश म्हणायचा. त्याला परवाना वारशानं मिळालेला, अनुभव थापांचाच. "ससा उडाला. नेम चुकला. दोस्तानं परत दारू भरली, चिंधी भरली, गज मारला, बिडी ओढली. तवर ससा हवेतच थांबला होता."

"का बरं?"

"इमानदार होता."

व्हरांडा हसायचा. हवालदार आतून ओरडायचा, "हळू! आचारसंहिता हाय!" मग फाटकाबाहेरच्या टपरीवरून किटली घेऊन बजरंग यायचा आणि दरवेळी कोणीतरी ठरलेली आरोळी द्यायचं:

"ये बजरंग, आज कोणाचा बैल इकला रं?"

बजरंग कप मोजल्यासारखा खाली बघायचा. चहा मात्र कधी कमी ओतला नाही.

शेषेरावही गोष्ट सांगायचे. दोस्ताचीच, पण रोह्याची, म्हणजे नीलगाईची. पण त्यांच्या गोष्टीची एक गंमत होती. ती दर निवडणुकीला थोडी वाढायची. पहिल्या वेळी ते म्हणाले, "दोस्तानं रोह्याला गोळी घातली. रोही पळाला न्हाई. उभाच ऱ्हायला." पुढच्या निवडणुकीला रोह्यानं वळून दोस्ताकडं बघितलं. त्याच्या पुढच्या निवडणुकीला तो बघून थांबला नाही, चालत दोस्ताकडं आला. लोक मांड्या थापटायचे. "शेषेराव, पुढच्या टायमाला रोही मतदान करल बगा!"

मित्रांनो, व्हरांड्यातले सगळे थाप वाढवत होते. शेषेराव खरं वाढवत होते. हे त्या आवारात त्यांच्याशिवाय फक्त मला माहीत होतं, आणि मला बोलता येतं ते फक्त एकाच पद्धतीनं.

काय झालं होतं ते सांगते. अकरा वर्षांपूर्वीचा पौष होता. सकाळ उजाडलेली, पण धुकं असं की बांध कुठं संपतो ते बांधालाही कळेना. रोह्यांनी आठवडाभर तूर खाल्लेली. शेषेराव तुरीच्या कडेला बसले होते, मी त्यांच्या हातात भरलेली. वीस पावलांवर तुरीतून एक तांबूस पाठ हलली. मादी रोही तांबूसच असते. शेषेरावांनी घोडा ओढला. आयुष्यात मी नेम चुकवण्यात पटाईत. त्या दिवशी चुकवला नाही.

शिकारी सांगतात, गोळी लागली की जनावर माणसापासून दूर पळतं. हे पळालं नाही. उभं राहिलं. वळलं. मग तूर बाजूला सारत, सावकाश, शेषेरावांकडं चालत आलं. धुक्यातून आधी शिंगं आली. मादी रोह्याला शिंगं नसतात.

तो चिमण्या होता. शेषेरावांच्या विधवा भावजयीचा, विठाबाईंचा, लाल कंधारी बैल. हत्तीएवढ्या बैलाला चिमण्या का म्हणायचे ते विचारू नका. लहानपणी लहान असेल. विठाबाईंचं रान बांधाला लागून. शेषेराव येता-जाता त्याला गूळ द्यायचे, म्हणून कोपरीच्या खिशात कायम एक खडा असायचा. चिमण्या जवळ आला. त्यानं रोजच्यासारखं शेषेरावांच्या खिशात तोंड घातलं. गूळ खाल्ला. त्याचं रक्त माझ्या दस्त्यावर ठिबकत होतं आणि तो खिसा चाटत होता.

शेषेराव मागं सरकले. तो मागं आला. ते ओढ्याकडं पळाले, तोही गेला, कारण गूळवाला माणूस पळतो तेव्हा बैल मागं जातो. ओढ्यात, दरडीखाली तो बसला. परत उठला नाही. शेषेराव त्याच्याजवळ बसले, उन्हं येईपर्यंत. मग त्यांनी खोरं आणलं आणि वरची दरड त्याच्यावर ढासळवली.

बैल मारलेला माणूस. हे शब्द त्यांना स्वतःशीही उच्चारता आले नाहीत. संक्रांत झाली की वैनीला सांगू असं त्यांनी ठरवलं. पण संक्रांत यायच्या आधी गावानं चोर शोधला होता.

बजरंग तेव्हा विठाबाईंचा सालगडी होता. चिमण्याच्या गळ्यातल्या घाटीचा, म्हणजे घंटेचा, पट्टा तुटलेला, म्हणून आदल्या संध्याकाळी त्यानं ती काढून गोठ्यात टांगून ठेवली होती. "घाटी का काढली?" लोक म्हणाले. "आवाज होऊ नाही म्हणून! बैल हाळीच्या बैलबाजारात गेला." पारावर माणसं जमली. बजरंग म्हणाला, "माय, तुमच्या गळ्याची आन, मी न्हाई." विठाबाईंनी शेषेरावांकडं बघितलं. घरातला कर्ता पुरुष म्हणून. शेषेरावांनी मान खाली घातली. गावानं ती होकारार्थी मोजली.

त्यानंतर पाच गावांत बजरंगला कोणी सालानं ठेवलं नाही. शेवटी त्यानं टपरी टाकली, ती ठाण्यासमोर. चोर म्हणतात तर पोलिसांच्या नजरेसमोर राहू, असा त्याचा हिशोब असावा.

आणि विठाबाई? आमच्या खिडकीतून त्यांचा गोठा दिसतो. दर पोळ्याला जोडीतल्या उरलेल्या बैलाला झूल घालतात, शिंगं रंगवतात. मग शेजारच्या रिकाम्या खुंट्याला गेरू लावतात, बाशिंग बांधतात, त्याच्यापुढं पुरणपोळी ठेवतात. अकरा पोळे. नवमीची झेंडूची माळ त्यानंतर मला कधी सोसली नाही.

मला सवय लागली आहे ती ऐकण्याची. पहाटे, मी खुंटीवर असो की ठाण्यातल्या कोठडीत, माझ्या अगदी जवळ कोणीतरी रवंथ करतं. सावकाश, समाधानानं. कोठडीत शेजारच्या बारा बोअरच्या बंदुकीला मी विचारलं, ऐकू येतं का? ती म्हणाली, मी फक्त मोठे आवाज ऐकते.

आता यंदाची गोष्ट. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. पौषच होता. व्हरांडा भरला. हणमंतरावांच्या डुकरानं यंदा पाणी पिऊन वर पान मागितलं. रुद्रेशच्या सशानं हवेतूनच बिडीला काडी दिली. मग सगळे म्हणाले, "शेषेराव, तुमचा रोही कुठवर आला?"

शेषेराव थकलेत. ते म्हणाले, "आला. दोस्ताकडं चालत आला. आन् जवळ येऊन..." ते थांबले. "जवळ येऊन त्यानं खिशात तोंड घातलं."

व्हरांडा फुटला. इतकं मी कधी ऐकलं नव्हतं. हणमंतरावांना ठसका लागला. रुद्रेश खांबाला धरून बसला. "खिशात! पाकीट मारलं का काय रोह्यानं?" हवालदारसुद्धा हसत बाहेर आला.

हसला नाही तो बजरंग. तो किटली धरून उभा होता आणि कप भरून बशीत, बशीतून फरशीवर चहा जात होता.

"कोणत्या खिशात?" त्यानं विचारलं.

"आरं, थाप हाय ती," हणमंतराव म्हणाले. "तू चहा बघ, सांडून राहिलास."

"न्हाई, इचारतो. खिशात काय होतं, मालक?"

"गूळ होता माझ्या खिशात," शेषेराव म्हणाले.

दोस्ताच्या नव्हे. माझ्या. हसणं एकाएकी थांबलं नाही. ते एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं, जसजसं एकेकाला कळलं तसं.

बजरंगनं किटली खाली ठेवली. "चिमण्या दोनच माणसाच्या खिशात तोंड घालायचा," तो म्हणाला. "एक मी."

हवालदारानं वही पुढं ओढली. "नीट सांगा, रोही का बैल? रोही आसल तर ते वनखात्याचं. बैल आसल तर आमचं."

"बैल," शेषेराव म्हणाले. "लिहून घ्या. आन् ही बंदूकबी घ्या. परत न्यायची न्हाई."

"परत न्यायची न्हाई, आसा रकाना न्हाई ह्याच्यात."

"रकाना पाडा."

मग ते बजरंगकडं वळले आणि त्याच्या पायाकडं वाकायला लागले. बजरंगनं त्यांना दंडाला धरून वर ओढलं. प्रेमानं नाही, चारचौघांत म्हाताऱ्याची शोभा नको म्हणून.

"पायाबियाला काय करू मी? माझी पोरगी शाळंत बैलचोराची म्हणून वाढली," तो म्हणाला. "पारावर चला. जिथं मान खाली घातली तिथं वर करून बोला. मायला सांगा. आजच. पोळ्यावर ढकलू नका."

ते दोघं गेले. टपरी उघडी राहिली. मला सुतळी बांधली गेली, त्यामुळं पारावर काय झालं ते मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेलं सांगायची चूक व्हरांड्यानं खूप केली आहे.

पण तिसऱ्या दिवशी विठाबाई ठाण्यात आल्या. सोबत बजरंग. म्हणाल्या, बंदूक बघायची. हवालदारानं नियम चाळले. बघायला मनाई आहे असं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं मला टेबलावर आणून ठेवलं.

विठाबाईंनी माझ्या नळीत एका डोळ्यानं पाहिलं. आडात पोहरा पडल्यावर बघतात तसं. "ह्यातून?" त्यांनी विचारलं.

"हाव, माय."

"गूळ खाल्ला म्हणं त्यानं."

"हाव. तसं म्हणाले मालक."

त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बजरंग, उद्यापासून ये. गोठा तुझाच हाय."

बजरंगनं मान हलवली. "न्हाई, माय. गिऱ्हाईक हाय चहाला." मग जरा थांबून, "पोळ्याला येतो. घाटीचा पट्टा नवा करून आणतो. खुंट्याला बांधू."

जाताना विठाबाईंनी त्याच्याकडून गुळाचा एक खडा मागून घेतला, चहासाठी ठेवलेल्यातला, आणि माझ्या नळीच्या तोंडाशी ठेवला. हवालदारानं वही उघडून बघितली. त्यासाठीही रकाना नव्हता. त्यानं मला तशीच कोठडीत उभी केली आणि खडा पायाशी ठेवला.

मित्रांनो, निवडणूक संपली. बाकीच्या बंदुका घरी गेल्या. मी इथंच आहे. समोर कॅलेंडर नाही, टोमॅटोची आठवण येते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडं काही ना काही मागतात. तेल लावा, पुसा, जपा. मी उलटं मागते. मला जपू नका. मला गंजू द्या. जपायचंच असेल तर हसणं जपून हसा. कोणी थाप मारत असेल आणि तिच्यात एखादी इतकी साधी गोष्ट आली, की ती कोणाला सुचणारच नाही, तर तिथं थांबा. विचारा, खिशात काय होतं?

तो गुळाचा खडा दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता. हवालदार म्हणाला, उंदीर. झाडणारी बाई म्हणाली, मुंग्या. दोघंही अनुभवी आहेत. पण पहाटे माझा दस्ता ओला होता, आणि कोणीतरी तो बराच वेळ, खरखरीत जिभेनं, चाटत होतं.