डाव्या बुटाचा उजवा भाऊ

मित्रांनो, मी एक जुना डावा बूट आहे. नुसतं 'बूट' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्यात कुणी एकटा जन्माला येत नाही. माझ्या शेजारीच, त्याच दिवशी, माझा उजवा भाऊ जन्माला आला. त्याच्याशिवाय माझी गोष्ट सांगताच येणार नाही.

आमचं कातडं कापलं, शिवलं, आणि बोटांच्या जागी आतून पोलादाची एक वाटी बसवली. ती बाहेरून दिसत नाही. मग आमच्यातल्याच काही जोड्या बाजूला काढून त्यांच्यावर जड वजन टाकून पाहिलं. त्या जोड्या पुन्हा कुणाच्या पायात गेल्या नाहीत. त्यांच्या जिवावर आम्हांला पास झाल्याचा शिक्का मिळाला आणि शिक्क्याजवळ बनवणाऱ्याच्या परवान्याचा नंबर. दोन्ही आमच्या जिभेवर आहेत. बुटाला जीभ असते, पण बोलता येत नाही. म्हणून हे लिहून ठेवावं लागतं.

तिथून आम्ही सोलापूरला आलो, टॉवेलच्या कारखान्यात. स्टोअरच्या पद्मजा मॅडमनी आम्हांला कुमारच्या हाती दिलं. कुमार सांगोल्याकडचा. लहानपणी मेंढरांमागे साध्या चपलेनं हिंडलेला, त्यामुळे पहिले काही दिवस तो आमच्यात पाय घालून चिखलातल्या बैलासारखा चालायचा. मग सवय झाली. माग चालू असले की हवेत कापूस उडतो; संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं पांढऱ्या लवेनं मऊ होऊन जायचो. घरी गेल्यावर त्याची बायको पूनम आम्हांला उंबऱ्यापाशी झटकून ठेवायची.

आणि मग यायची चेतना. त्यांची लेक, नुकती बोलायला लागलेली. हातात खेळण्यातलं लाटणं. ते घेऊन ती माझ्या नाकावर ठोकायची. टण्‌. मग भावाच्या नाकावर. टण्‌. तेवढं झालं की बापाच्या मांडीवर जाऊन बसायची. हा तिचा रोजचा नेम होता, आणि खरं सांगू का, दिवसभराच्या कामापेक्षा मला त्याच घडीचा अभिमान वाटायचा.

कारखान्यात कुमारच्या जोडीला शिवानंद असायचा. अक्कलकोटकडचा, वयानं मोठा, हसतमुख. सूत गुंडाळलेलं लोखंडी बीम मागावर चढवायचं काम दोघांचं. बीम म्हणजे माणसाच्या उंचीचा जाडजूड रूळ. घसरला तर थांबत नाही. शिवानंदला एक खोड होती. बीम गाड्यावरून जरा सरकलं की तो उजवा पाय पुढं घालून अडवायचा. हात गुंतलेले असतात, मग पायच धावतो, असं त्याचं म्हणणं.

त्याचे बूट फाटले तेव्हा पद्मजा मॅडम म्हणाल्या होत्या, थोडं थांबा, नवीन येतायत. पण तो थांबला नाही. बाजारातून हुबेहूब आमच्यासारखे घेऊन आला. तोच रंग, तोच शिक्का. कुमारच्या पायाशी पाय लावून म्हणाला, "बघ की. तुझ्यात आन माझ्यात फरक काय, सांग."

कुमारला सांगता आला नाही. मला येत होता. पण जिभेचं मघाशीच सांगितलं.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात माग थांबतात. यंत्रं पुसून, तेल देऊन, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूच्या माळा घालतात. आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापले बूटही एकाच डबीतल्या पॉलिशनं चमकवले. पूजेला मात्र आम्ही बाहेर. पायताण ते, देवापुढं कसं जाणार? दारात सगळे बूट एकमेकांत मिसळून पडले. नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि घरी जायच्या गडबडीत कुमारनं पाय घातले. डाव्यात मी होतो. उजव्यात माझा भाऊ नव्हता.

दोघांच्या पायाचा नंबर एकच. कुमारला पत्ताच लागला नाही.

घरी उंबऱ्यापाशी मी त्या परक्याला विचारलं, तुझ्या नाकात काय आहे?

"पुठ्ठा," तो हळूच म्हणाला. "वर कापड. मला कुणी विचारलं नाही रे. शिक्का मारला आणि डब्यात भरलं."

मला त्याचा राग आला नाही. तो बूट म्हणून वाईट नव्हता. शाळेत, बाजारात छान चालला असता. पण त्याला न पेलणारं काम त्याच्या जिभेवर लिहून दिलं होतं.

चेतना आली. माझ्यावर टण्‌. त्याच्यावर थप्प. ती थांबली. पुन्हा ठोकलं. थप्प. पूनम दसऱ्याच्या पुरणात अडकली होती, कुमार फुलं निवडत होता. लेकराकडं कोण बघतं? दसऱ्याच्या दिवशी दुपारी तिनं पुन्हा ठोकलं आणि भोकाड पसरलं. "बूट बोलत नाय!"

पूनम हात पुसत आली, लेकीला कडेवर घेऊन खाली बसली. तिनं स्वतः ठोकून पाहिलं. मग त्या बुटाच्या नाकावर अंगठा दाबला, तर पिकल्या केळ्यात रुतावा तसा तो आत गेला. माझ्यावर दाबला, मी हललो नाही. तिनं दोघांच्या जिभा उलटून पाहिल्या. माझा शिक्का कातड्यात उमटलेला, त्याचा नखानं निघणारा.

कुमार म्हणाला, शिवानंदचा आलाय वाटतं, उद्या कामावर गेलं की देतो बदलून.

"ह्यो घालून जायाचं न्हाय," पूनम म्हणाली. "चप्पल घालून जावा."

"अगं, चपलेपरास ह्यो बरा की."

"न्हाय. चप्पल घातली तर तुमी बीमाखाली पाय घालणार न्हाय. ह्यात घालशीला."

 दुसऱ्या दिवशी कुमार चपलेवर निघाला, आम्ही दोघं पिशवीत.

चपलेवर मागांकडं जाता येत नाही, म्हणून तो आधी स्टोअरमध्ये गेला. पद्मजा मॅडमनी परक्या बुटावरचा परवान्याचा नंबर मोबाइलमध्ये घालून पाहिला. तो नंबर निघाला पाण्याच्या टाक्या करणाऱ्या कुणाचा. मॅडम तशाच उठल्या. "शिवानंद कुठं आहे?"

तो कामाला लागला होता. आम्ही दाराशी पोचलो, कुमारनं हाक मारली, पण ती मागांच्या खडखडाटात विरून गेली. बीम गाड्यावरून सरकलं. शिवानंदनं सवयीनं उजवा पाय घातला.

आवाज आला. टण्‌.

त्या उजव्या पायात माझा भाऊ होता.

माग थांबले. बीम उचललं. शिवानंद खाली बसला, बूट काढला, मोजा काढला. बोटं लालभडक झाली होती, पण सगळी हलत होती. भावाच्या नाकाला मोठा पोचा पडला होता. शिवानंदनं पिशवीतला आपला उजवा बूट घेतला, नाकावर बोट दाबलं, आणि ते आत गेलं.

"कुमारा," तो म्हणाला, "माझा आसता तर?"

 त्यानं डाव्या पायातला नकली बूट आपल्याच हातानं काढला आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवला.

मित्रांनो, असा मार एकदा झेलला की बूट पुन्हा घालायचा नसतो, बाहेरून कितीही धड दिसला तरी. भाऊ निवृत्त झाला, आणि त्याच्याबरोबर मीही. आता आम्ही स्टोअरच्या फळीवर असतो. भाऊ आणि तो पुठ्ठ्याचा पाहुणा आतलं दिसावं म्हणून मधोमध चिरलेले, शेजारी शेजारी. मी अजून अख्खा. नवीन माणूस आला की मॅडम त्याला आमच्यावर ठोकायला लावतात. आणि हेही सांगतात, की नुसत्या आवाजावर जाऊ नका. काही चांगल्या बुटांत पोलादाऐवजी दुसरी टणक वाटी असते, तिचा आवाज असा येत नाही. शिक्का बघा, नंबर ताडून बघा, शंका आली तर विचारा.

पुढच्या खंडेनवमीलाही पूजेच्या वेळी सगळे बूट बाहेरच राहिले. रीत ती रीत. पण या वेळी जोड्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीवर मालकाचं नाव. झाडलोट करणारी नागव्वा यंत्रांना माळा घालून उरलेला झेंडू घेऊन दारात आली. शिवानंद हसून म्हणाला, "नागव्वा, पायताणाला फूल?"

"पाय राहिला म्हणून तू आत उभा हाईस की," ती म्हणाली, आणि एकेका जोडीपुढं एकेक फूल ठेवत गेली. सगळ्यात शेवटी स्टोअरच्या फळीपाशी येऊन तिनं एक माझ्या चिरलेल्या भावापुढं ठेवलं.

तुमच्याही घरी संध्याकाळी कुणाचे तरी बूट, हेल्मेट, हातमोजे येऊन उंबऱ्यापाशी पडत असतील. त्यांना झटकून ठेवा. बुटांची जीभ उलटून, बाकीच्यांवरचा शिक्का शोधून वाचा. आणि घरातलं धाकटं कुणी काही ठोकत, काही सांगत असेल, तर हातातलं पुरण क्षणभर बाजूला ठेवून ऐका.

चेतना अजून लाटणं घेऊन उंबऱ्यापाशी बसते. कुमारच्या पायात आता नवी जोडी आहे. पूनम आधी हात पुसून येते, मगच दोघी मिळून ठोकतात. टण्‌. टण्‌.