ताईला दिलेलं काम

घुम्याने पातेलं चुलीवर ठेवलं, झाकण लावलं आणि हातात पळी घेऊन तो वाट बघत बसला. पातेल्यात लाकडी ठोकळे होते आणि चूल म्हणजे पुठ्ठ्याचं खोकं होतं, तरी वाफ अंगावर येऊ नये म्हणून तो जरा मागे सरकला होता. तेवढ्यात वर्गाची ताई आली आणि तिने झाकण उचललं.

"किती आहेत रे यात?"

घुम्याने आधी तिच्याकडे आणि मग पातेल्यात पाहिलं.

"शिजतंय," तो म्हणाला.

"हो, पण लाल किती आणि पिवळे किती? मोज बघू."

त्याने मोजले. बरोबर मोजले. ताईने शाब्बासकी दिली, त्याचे केस विस्कटले आणि ती पाण्याच्या टबाकडे वळली. तिथे काय तरंगतं आणि काय बुडतं हे विचारायचं राहिलं होतं. झाकण तिच्याच हातात राहून गेलं होतं. घुम्या थोडा वेळ उघड्या पातेल्यासमोर बसला आणि मग पळी खाली ठेवून खिडकीकडे गेला.

बालवर्गाच्या त्या खोलीत बाकं नव्हती. वाळूची पेटी होती, पाण्याचा टब होता, ठोकळ्यांचा ढीग होता आणि कोपऱ्यात दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेलं एक घर होतं. बाकं होती ती बाहेर, व्हरांड्यात. प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेली, नवीकोरी, भिंतीला लावून रचलेली. पालकांपैकी काहींनी मोठ्या बाईंकडे बाकांसाठी धोशा लावला होता. एका वडिलांचं म्हणणं असं की मुलगा घरी येऊन सांगतो, आज मी बस होतो. काल बस, परवा बकरी; अक्षरं गिरवणार कधी? त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. मुलगा शाळेत जाऊन बकरी होतो हे ऐकून कोणत्या बापाला शांत झोप लागेल?

मोठ्या बाई मनाने वाईट नव्हत्या. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून त्यांचे केस पिकले होते आणि गुडघे कामातून गेले होते. त्यांनी ताईला सरळ सांगितलं होतं की शुक्रवारी मी येऊन बसेन, खेळातून मुलं शिकतात हे मला दिसलं पाहिजे. दिसलं नाही, तर शनिवारी बाकं आत येतील.

ताई हट्टाला पेटली. ही खोली तिने रिकामी मिळवली होती आणि एकेक डबा, एकेक चिंधी जमवून भरली होती. ती बाकांना द्यायची कल्पनाच तिला सहन होईना. दिसायला हवं ना, मग दिसेलच, असं म्हणून ती कंबर कसून कामाला लागली. वाळूत आकार आले, टबात तरंगणं-बुडणं आलं, चुलीवर बेरीज आली. ती दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरे आणि जाईल तिथे प्रश्न टाके. गुरुवारपर्यंत मुलं पोपटासारखी उत्तरं द्यायला लागली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

या धबडग्यात एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. त्या वर्गाचा एक नियम होता आणि तो तिनेच केलेला होता: मुलांनी काम दिल्याशिवाय मोठ्या माणसाने खेळात शिरायचं नाही. पालकांनाही ती हे पहिल्याच दिवशी बजावून सांगत असे. या नियमाने ती आजवर आजारी म्हातारी झाली होती, रडकं बाळ झाली होती, एकदा तर पंक्चर झालेलं चाक होऊन जमिनीवर पडून राहिली होती. या आठवड्यात तिला कोणीच काही काम दिलं नव्हतं.

शुक्रवारी मोठ्या बाई आल्या आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. गुडघे हनुवटीला टेकायचे तेवढे राहिले. ताईने सुरुवात केली. वाळूतले त्रिकोण आणि वर्तुळ झाले. टबातला खडा बुडाला, बूच तरंगलं, आणि का तरंगलं हेही एकाने घडाघडा सांगितलं. बाई मान हलवत होत्या. ताई चुलीपाशी पोचली तेव्हा तिच्या आवाजाला चांगलीच धार चढली होती. घुम्याने पातेल्यातले ठोकळे मोजले, लाल वेगळे, पिवळे वेगळे, आणि बेरीजही सांगितली. मग त्याने मान वर केली.

हा मुलगा फारसा बोलत नसे. नाव तसंच पडलं होतं.

"ताई, हे झालं की आम्ही खेळायला जाऊ?"

बाकीची मुलंही उत्तरासाठी ताईकडे बघू लागली, म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच होता. हेच तर खेळणं आहे रे, असं हसून म्हणायला हरकत नव्हती. वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. पण तिला लाज वाटली. बाकं बाहेर ठेवण्याच्या नादात आपण ती केव्हाच आत आणून मांडली, हे तिला त्या पातेल्यापाशी उकिडवं बसल्या बसल्या कळलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तिने झाकण उचललं आणि घुम्याच्या हातात दिलं.

"आत्ताच जा," ती म्हणाली.

ती उठून भिंतीला टेकली आणि तिने हात पाठीमागे बांधले. बराच वेळ काहीच झालं नाही. मुलं तिच्याकडे चोरून बघत होती. एवढ्यात पुढचा प्रश्न येईल असं त्यांना वाटत होतं. बाईंनी खुर्चीत चुळबुळ केली.

"अगं, विचार ना काहीतरी."

"नाही बाई. मला अजून काम मिळालेलं नाही."

बाईंनी भुवया उंचावल्या. ताई जागची हलली नाही. समोर एक मुलगी डब्यांवर डबे रचत होती आणि मोठा डबा वर ठेवू पाहत होती. खाली कोणता ठेवायचा, हे विचारायला ताईची जीभ वळवळली. तिने ओठ मिटून घेतले. डबे कोसळले. मुलीने कंबरेवर हात ठेवून त्यांना रागावून घेतलं आणि मोठा डबा खाली घेतला.

मग चादरीच्या घरातून मुकादम बाहेर आली. ही वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी, आणि हुकूम सोडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने भराभर कामं वाटली. घुम्या स्वयंपाक करेल. एक जण बाळ. एक जण कुत्रा, पण चावायचं नाही. मग तिने ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू दार हो."

ताई दोन खुर्च्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पसरून बंद झाली. चाकापेक्षाही हे काम हलकं होतं, कारण चाकाला निदान विव्हळता आलं होतं. तरी तिला इतका आनंद झाला की हसू आवरेना, आणि दार हसत नाही म्हणून मुकादमने तिला दटावलं.

घरात काम जोरात सुरू झालं. कुत्र्याला ताप आला. बाळाला भूक लागली. थोड्या वेळाने मोठ्या बाई हाताचा आधार घेत उठल्या आणि ताईशी काहीतरी बोलायला म्हणून घरापर्यंत आल्या.

"दार वाजवा," आतून मुकादम म्हणाली.

बाई थबकल्या. मग त्यांनी बोट वाकवून ताईच्या खांद्यावर टकटक केलं.

"कोण आहे?"

"मी मोठ्या बाई."

"मोठ्या बाई इथे नसतात. हे आमचं घर आहे."

बाईंनी ताईकडे पाहिलं. दार काही बोललं नाही. बाहेर कुठेतरी घंटा झाली आणि थांबली.

"मग मी शेजारची काकू," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "वाटीभर साखर मिळेल का?"

मुकादमने दार उघडायला सांगितलं. ताईने एक हात बाजूला केला. घुम्याने रिकाम्या बरणीतून चमचा चमचा साखर काढून रिकाम्या वाटीत घातली. प्रत्येक चमच्याला तो ओठातल्या ओठात आकडा म्हणत होता. त्याला कोणी मोजायला सांगितलं नव्हतं. शीग आली तेव्हा त्याने बोट फिरवून ती सपाट केली आणि वर आलेली साखर काळजीपूर्वक बरणीत परत टाकली.

"सोमवारी वाटी परत आणून द्यायची," मुकादम म्हणाली. "इथेच."

"इथेच?"

"मग कुठे? घर इथेच असतं."

बाईंनी वाटी दोन्ही हातांनी घेतली. ताईशी काय बोलायचं होतं ते बोलायचं राहिलं. त्या एकेक पाऊल जपून टाकत व्हरांड्यात गेल्या. तिथे शिपाई मामा बाकांचं वेष्टन फाडायच्या तयारीत उभे होते. उद्या लावायचीच आहेत, तर आजच आत घेऊ का, असं त्यांनी विचारलं.

"मामा, जरा बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. "सांडेल."

मामांनी रिकाम्या वाटीत पाहिलं, बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बाकांना पाठ लावून ते वाट देऊन उभे राहिले. बाई वाटीवरची नजर न काढता पुढे गेल्या. ताईला हे सगळं दिसत होतं. दार लाव असं अजून कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून ती एक हात बाजूला करून तशीच उभी राहिली.